राखणीचं इंग्रजी

मंगळवार, आष्टा. कुकर लावून लिहायला बसले.

वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवते मी. सी, लुक आणि वॉच यांतला फरक दरवर्षी फळ्यावर लिहून देते. मुलं पाठ करतात आणि पेपरात चुकतात. तोच फरक गल्लीतल्या निवृत्त सुभेदारांनी देवळाच्या ओट्यावर पाच मिनिटांत समजावला. माझी श्रेया, माझ्याच आठवीच्या वर्गातली, रोज त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला जाते. घरात मी असताना.

आज तिला आणायला गेले आणि भिंतीआड थांबून ऐकलं. सुभेदार सांगत होते, "शाळूवर पाखरं आल्याली दिसली, ते सी. म्या हाळी दिली, तू वळून बघितलंस, ते लुक. आन् कणसात दाना भरल्यापासनं माळ्यावर गोफण घिऊन बसलास, नजर हलवली न्हाईस, ते वॉच."

पोरं हसली. श्रेया सगळ्यांत मोठ्यानं.

शाळूची राखण तर मीही केली आहे, लहानपणी, शेतातल्या तसल्याच उंच माळ्यावर बसून. मग मला कसं नाही सुचलं? की सुचलं होतं, आणि शाळेत माळ्याचं बोलायची लाज वाटली?

वाटेत श्रेया म्हणाली, "आई, तू असं का न्हाई शिकवत?" मी म्हटलं, पुस्तकात तसं नाही. काय पण उत्तर.

उद्या आठवीवर हेच सांगणार आहे. माळा, गोफण, सगळं. सुभेदारांचं नाव घेईन की नाही, माहीत नाही. पहिल्या बाकावर श्रेया असेल, नजर न हलवता.