समोरचं विटांचं घर

बॉइसी, आयडाहो
१४ जानेवारी १९९०

चि. बेगोस, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. हेव्याचं पुढे लिहितेच.

तुझा नाताळचा फोटो पोचला. भर डिसेंबरात अंगणात पिवळीधमक लिंबं, आणि त्यांच्याखाली तू बिनबाह्यांच्या झग्यात! सायमननं तो फ्रिजवर लावला होता. येता-जाता बघून माझे दात आंबले, म्हणून ड्रॉवरमध्ये टाकला.

पण बाई, कॅलिफोर्निया तुझा तुलाच लखलाभ होवो. आमचं इथं काय अडलंय? सायमनच्या लाकडाच्या गिरणीतल्या एका पगारात दोघांचं भागतं. चुलतभाऊ अर्धं कोकरू देतो, ते वसंतापर्यंत पुरतं. गाडी उभी करायला कुणी पैसे मागत नाही. सायमन दुपारी घरी येऊन गरम रस्सा जेवून जातो. तुझा रसेल म्हणे रोज दोन तास गाडीतच असतो. अशानं माणूस गाडीतच म्हातारा व्हायचा.

आणि मुख्य बातमी. आमच्या भाड्याच्या घरासमोरचं मिसेस थोरा लिंडक्विस्टचं विटांचं घर आठवतं ना, रुंद व्हरांड्याचं? थोराबाई आता लेकीकडे पोर्टलंडला जाणार. विकलं तर आधी तुलाच विचारीन, असा शब्द त्यांनी आईच्या दफनाच्या दिवशी दिलाय. साठ हजार म्हणतात. तुमच्याकडे एवढ्यात कोंबड्यांचं खुराडं तरी येतं का? बँकेत आधी भरायची रक्कम आमची पुढच्या हिवाळ्याच्या आत जमेल, तोवर त्या थांबणार आहेत. पंचवीस वर्षं त्या व्हरांड्याकडे बघत भांडी घासली गं. आता तिथं बसायचंय.

मुलांना पापे. लोभ ठेव, त्याला आमच्या गावात अजून भाव आलेला नाही.

तुझी फेलिसा


सॅन होजे
४ फेब्रुवारी

फेलिसास, धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी गाड्यांच्या गर्दीत अडकले असताना गाडीतच वाचलं आणि तिथंच रडले. लिंबांचं काय घेऊन बसलीस! झाड शेजाऱ्यांचं आहे. फांदी कुंपणावरून आत आली, म्हणून तिच्याखाली उभं राहून फोटो काढला.

आमच्या दोन पगारांतला एक घराच्या हप्त्यात जातो आणि दुसरा मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या हातात. नवरा दुपारी घरी जेवतो असं तू लिहिलंस ना, त्या ओळीवर मी इतकी जळले की फोन करून तुला चार शब्द सुनवावेत असं वाटलं. मग म्हटलं, फोनचंही बिल येतं.

एक मात्र आहे. आमच्या या काड्यापेटीला इथं जो भाव येतोय तो ऐकून आम्हालाच हसू आलं. रसेलला तुमच्याकडच्या एका कारखान्यात काम मिळेलसं दिसतंय. आम्ही येतोय, फेलिसा, कायमचे, आणि रोख पैसे घेऊन. तुझ्याच गल्लीत कुठं घर आहे का बघ. लांबचं नको.

आहे तेवढी माया राखून ठेव, मी येऊन घेते.

तुझी बेगो


बॉइसी
२ मार्च

चि. बेगोस आशीर्वाद.

तू येणार हे वाचून फार आनंद झाला. पण तुझी बहीण म्हणून खरं काय ते सांगायला हवं.

इथलं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. थंडीत चुलींचा धूर दरीत कोंडून बसतो. यंदा तीन आठवडे सूर्य दिसला नाही, सायमन रात्रभर खोकायचा. चुलतभावानं मेंढ्या विकल्या, त्यामुळे कोकराचं नाव नको. अंडी महागली, बूट महागले. गिरणीत माणसं कमी करणार म्हणतात. तुझ्या मुलांची छाती नाजूक, त्यांना हे कसं सोसणार?

आणि घर? थोराबाईंचं तर मला फुकट दिलं तरी नको. तळघरात पाणी येतं, व्हरांड्याच्या फळ्या कुजल्यात, आणि चेरीचं झाड म्हणजे पाखरांचं शौचालय. आम्ही तो विचारच सोडला. तुम्ही आपलं नदीपलीकडच्या नव्या वस्तीत बघा, नाहीतर जरा थांबा. घाई कशाला?

एवढं काय लिहितेस, असं सायमन विचारतोय. मी म्हटलं, बहिणीची काळजी.

ममता वाढू दे, आपण दूर असलो तरी.

तुझी फेलिसा


सॅन होजे
२० मे

फेलिसास सा. न. वि. वि.

आधी खाली बस. आम्ही घर घेतलं! थोराबाईंचं!

तुझं पत्र नसतं तर माझी हिंमत झाली नसती. रसेल मुलाखतीला आला होता, तेव्हा तुम्ही दोघं चर्चला गेलेले असताना त्यानं घर पाहिलं. तुला चकित करायचं होतं, म्हणून तुला कळवलं नाही. मग मी थोराबाईंना फोन केला. त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं, की फेलिसाला शब्द दिलाय, तिचं काय? मी तुझं मार्चचं पत्र काढून त्यांना वाचून दाखवलं. पाखरांचं वाक्य त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, तिला नको असेल तर माझी ना नाही.

त्या साठच म्हणत होत्या, लेकीनं नव्वदवर नेलं. आम्ही घासाघीस केली नाही. आमच्याकडे एवढ्यात मोटारीची खोली येते. आणि तळघर कोरडं ठणठणीत आहे गं. फळ्याही पक्क्या आहेत म्हणतो रसेल.

ऑगस्टमध्ये येतो. आता माया समोरासमोर.

तुझी बेगो


बॉइसी
२७ मे

बेगो,

आशीर्वाद या खेपेला राहू देत.

काल थोराबाईंनी मला रस्त्यात बघून तोंड फिरवलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. सायमन जेवायला आला नाही. नंतर म्हणाला, गिरणीच्या आवारातच बसून होतो, घरी यावंसं वाटेना.

ते घर मला हवं होतं. तुला हे ठाऊक नव्हतं? जानेवारीत मी काय लिहिलं होतं? मार्चचं पत्र मी जळून लिहिलं. तू रोख पैसे घेऊन येशील आणि त्या व्हरांड्यात बसशील, या भीतीनं लिहिलं. परक्यानं फसावं असं पत्र ते, तू कशी फसलीस? माझ्या पाठीवर जन्मलीस ना तू?

फेलिसा


सॅन होजे
९ जून

फेलिसास,

मी फसले नाही. तळघराच्या ओळीलाच कळलं. तुला नको असलेल्या गोष्टीबद्दल तू आयुष्यात कधी एवढं बोलली नाहीस. तरीही घेतलं. रसेलला हे ठाऊक नाही.

आईनं शेवटचे आठ महिने तुझ्या घरी काढले. ती तुझं नाव घेत गेली, हे तू मला फोनवर सांगितलंस, आणि नाताळच्या पत्रात पुन्हा लिहिलंस. दोनदा का सांगितलंस, फेलिसा? गाव तुझ्याकडे, आई तुझ्याकडे, दुपारी घरी येणारा नवरा तुझ्याकडे. एक तरी गोष्ट तुझ्या हातातून काढून घ्यावी, असं मला वाटलं. घेतली आणि दोन दिवस फार बरं वाटलं.

पण तुझ्यासमोर राहायचं होतं, हेही तितकंच खरं. सकाळी तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा दिसला की रस्ता ओलांडून कॉफीला यायचं, एवढंच मनात धरून बसलेय. भांड माझ्याशी, पण दार उघड.

बेगो


नॅम्पा, आयडाहो
२२ जुलै

चि. बेगोस आशीर्वाद. रागावून बघितलं, पण आशीर्वाद आवरता येत नाहीत.

वरचा पत्ता बघितलास ना? तुझ्या नव्वद हजारांची बातमी गल्लीत चार दिवसांत फिरली. घरमालक टोपी हातात घेऊन आमच्याकडे आला. इतकी वर्षं भाडं वाढवताना तो बिचारा लाजायचा. या खेपेला लाजला नाही. म्हणाला, समोरचं नव्वदला जातं, मग मी माझं भाड्यानं देत बसलो तर लोक मला खुळा म्हणतील. विकत घेता का, असं आधी आम्हालाच विचारलं, हा त्याचा चांगुलपणा. त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून सायमन हसला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

इथं दोन खोल्या मिळाल्यात. गिरणी वीस मैल लांब पडते, म्हणून सायमन आता डबा नेतो. दुपारी मी एकटीच जेवते.

थोराबाई जाताना किल्ली माझ्याकडे ठेवून गेल्या. ती या पत्रासोबत पाठवते आहे. निघायच्या दिवशी मी तुझ्या व्हरांड्यात थोडा वेळ बसले. छान आहे. मी अजून जळते आहे, हे लपवत नाही.

आमच्या घरात माणसं येतायत. तीही कॅलिफोर्नियाचीच, भाव न करता घेतलं म्हणे. सकाळी स्वयंपाकघरातला दिवा दिसेल तुला, तो त्यांचा.

आईचं दोनदा सांगितलं ते तुला बोचावं म्हणूनच. बोचलं, हे कळलं. आता आलीस तर दार उघडीन. आधी फोन कर मात्र, घर सापडायला जरा कठीण आहे.

तुझी फेलिसा