समोरच्या दारानं

पापाटोएटो, ऑकलंड
२७ एप्रिल २०२५

प्रिय वसू,

नमस्कार. इकडे सगळी मजेत आहेत. उद्या गार्गीची शाळा सुरू, सुरुची तिच्या फार्मसीत, सुमेधचं डोकं लॅपटॉपमध्ये. थंडी पडायला लागलीय. सकाळी अवोन्डेलच्या बाजारातून मेथीची जुडी आणली, तेव्हा तुझ्या हातची गरगटी भाजी आठवली. माझ्या घराची किल्ली तुझ्याकडेच आहे ना? असू दे. सांगते.

आधी कोरियातल्या सोलची गंमत. आमच्या नातीला कोरियन सिरियलींचं वेड, म्हणून सुट्टीत सगळे तिकडे राजवाडे बघायला गेलो. पण तिथे बघण्यासारखी मीच होते, असं आता सुमेधही म्हणतो!

झालं असं, की फेब्रुवारीत मी इथे बाथरूममध्ये पडले. तुला बोलले नाही, उगीच जिवाला घोर लावून घेतला असतास. हाड शाबूत राहिलं, पण सुमेधनं धसका घेतला. तेव्हापासून एकच पालुपद. 'आई, दुसरा मजला, लिफ्ट नाही. सांगलीचं घर विकू, तू इथेच राहा.' एजंटशी बोलणंही सुरू केलं. वसू, मी गप्प बसायचे आणि अंघोळीला गेले की रडायचे. शेवटी विमानात मीच म्हटलं, 'राजवाड्यांत दिवसभर चालून दाखवते. चाकांच्या खुर्चीत बसले तर घर विक. नाही बसले तर परतीचं तिकीट काढ.' तो हसून 'डन' म्हणाला.

आणि राजवाड्याच्या दारातच चाकांची खुर्ची मागून घेतली! 'असू दे, लागेलच.' मी बुटांच्या नाड्या आवळल्या आणि पदर खोचला.

तिथले उंबरे केवढाले गं! खुर्चीसाठी बाजूनं उतार होता. मी म्हटलं, मी समोरूनच जाणार. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही ही आपली सवय. वाकून हात लावला, नमस्कार केला आणि गुडघा उचलून पलीकडे. मागे लोक खोळंबलेले. सुमेध पुटपुटला, 'आई, देऊळ नाहीये ते.' तेवढ्यात एक कोरियन आजी पुढे आली. तिनं उंबऱ्याकडे बोट दाखवून 'पाय नाही द्यायचा' अशी मान हलवली आणि स्वतःही तसाच उंच पाय टाकून आली. त्यांच्यातही देत नाहीत! पुढचे उंबरे आम्ही दोघींनी हातात हात घालून ओलांडले. काय बोलत होती कळलं नाही, पण हसत दोघी होतो.

सिंहासनाचा महाल झाला, तळ्यातला झाला. दुपारी दुसरा राजवाडा. तिथेही खुर्ची घेतलीच पठ्ठ्यानं. मागची बाग सगळी चढाची. गुडघा ठणकत होता, खोटं कशाला बोलू? पण डोळ्यांपुढे आपला जिना आणला आणि चढले.

वर पोचते तर मागून हाक. 'आई, थांब ना जरा!' साहेबांनी ट्रिपसाठी नवेकोरे बूट घेतलेले, टाचांना हे एवढाले फोड. सुरुची म्हणाली, 'बस आता खुर्चीत, लाजू नकोस.'

खाली उतरून बसला! आणि बागेबाहेरच्या सपाट अंगणातून ढकलली कुणी? मी! गार्गी तो भाड्याचा कोरियन घागरा सावरत पुढून व्हिडिओ काढत होती. 'आजी, यू आर स्मॅशिंग इट!'

मग सुमेध मान न वळवता म्हणाला, 'जूनचं तिकीट बघतो. पण जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा बसवायचा.' मी म्हटलं, बसव. भीती वाटत होती गं त्याला, बाकी काही नाही. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ढकलत राहिले.

तर वसू, एजंट किल्ली मागायला आला तर चहा पाज आणि वाटेला लाव. खिडक्या उघडून घर हवेशीर कर. उंबरा मात्र पुसू नकोस, तो मी आल्यावर पुसेन.

तुझी समोरच्या दारातली शेजारीण,
सुमती