वेठीची यादी

मोरामांगा, मादागास्कर
१४ जून १८९८

प्रिय क्लेमांसताई,

तुझं पत्र आणि आईने विणलेले लोकरीचे मोजे पोचले. इथे सकाळी धुकं हाडांत शिरतं, त्यामुळे फार उपयोग झाला. आईचा खोकला कसा आहे?

फ्रान्स इथे कशासाठी आलं, ते वर्गातल्या मुलींना वाचून दाखवायला लिही म्हणतेस. लिहितो. आम्ही गुलामी बंद केली. दवाखाना काढला. समुद्रापासून राजधानीपर्यंत रस्ता बांधतो आहोत. तो झाला की व्यापार वाढेल, शाळा निघतील. मागे राहिलेल्यांना हात देणं हे पुढारलेल्यांचं कर्तव्यच आहे.

मुलींना इथपर्यंतच वाचून दाखव.

माझे कपडे धुणारी रावाओ पूर्वी गुलाम होती. मुक्तीचा जाहीरनामा मीच तिला वाचून दाखवला. "म्हणजे आता मला कुणी विकणार नाही?" तिने तीनदा विचारलं आणि खुदकन हसली. त्या दिवशी वाटलं, आपण आलो ते बरं झालं.

मग रस्त्याला माणसं कमी पडली. धडधाकट पुरुषांना पन्नास दिवसांची वेठ लागली. त्याच्या याद्या मी लिहितो. रावाओ दारात येऊन उभी राहिली.

"साहेब, नवऱ्याला ताप आहे. एवढं एक नाव गाळा."

"कायदा सगळ्यांना सारखा. आणि ही काही गुलामी नव्हे."

"मग नाही म्हणता येतं का?"

मी मान खाली घालून नाव लिहिलं. 'राफारालाही' हे त्याचं नाव.

वेठीच्या अकराव्या दिवशी तो रस्त्याच्या कामावरच मेला. ती पुन्हा आली. "कुठे पुरलंत? त्याला त्याच्या वाडवडिलांच्या थडग्यात न्यायचंय." हजेरीपटात फक्त 'एक कमी' होतं. दोन दिवस चिखल तुडवत मी कामावर गेलो. मुकादमाने हात झटकले, "असेल इथेच कडेला. खुणा कोण ठेवतो?"

मी परत येऊन तिला तेच सांगितलं. ती रडली नाही. इस्त्री केलेले सदरे खुर्चीवर ठेवले आणि निघून गेली. आता माझ्याकडे कुणी येत नाही. परवा मला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला.

पुढची यादी चार दिवस कोरी पडली आहे. वरिष्ठ म्हणाले, "तू नाही लिहिलीस तर दुसरा लिहील." लिहील. पण ताई, मी लिहिणार नाही, असं आज त्यांना सांगून आलो. पुढे काय होईल ते ठाऊक नाही. आईला एवढंच सांग, की मोजे पायाला बरोबर बसले.

ज्याचा हात धरून तू अक्षरं गिरवून घेतलीस, तो तुझा
एवारिस्त