स्टिकर लागला की शाळेचे

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांची कुरकुर चालू आहे, त्यामुळे जेवढी अंगे वाकली तेवढी खरी, बाकीची मनाने वाकली असे धरून चाल.)

तुझी पाठ कशी आहे? भावजींचे डोळ्याचे ऑपरेशन छान झाले म्हणे. पट्टी निघाल्याबरोबर त्यांनी कोपऱ्यातली जाळी दाखवून तुला बोल लावला, हे तुझ्या सुनेकडून कळले. म्हणजे नजर आणि तब्येत दोन्ही ठणठणीत आहेत. आमचे हेही मजेत. मी कामाला जाऊ लागल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात आहे. सकाळी डबा हातात देऊन दारापर्यंत येतात आणि "पाण्याची बाटली घेतलीस का?" म्हणून विचारतात. इतक्या वर्षांनी पुन्हा कुणीतरी मला शाळेत धाडते आहे असे वाटते गं, आणि खोटे कशाला बोलू, फार आवडते.

तर काम. मी एका शाळेच्या लेखा विभागात शिकाऊ आहे. गळ्यातल्या ओळखपत्रावर ठसठशीत 'शिकाऊ' छापले आहे आणि त्याच्यावर माझा पांढऱ्या केसांचा फोटो. फी भरायला आलेले पालक ते वाचतात, माझ्याकडे बघतात आणि परत वाचतात. मी हट्टाने हिशेबाचा कोर्स केला तेव्हा तू म्हणाली होतीस, या वयात पोरीबाळींची बोलणी खायला निघालीस का. बोलणी खाते खरी, पण पचतात. आमच्या मुख्य लेखापाल माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत. बिले टाचताना टाचण्या ओठांत धरतात म्हणून सगळी शाळा त्यांना टाचणीबाई म्हणते. मला कायम करायचे की निरोपाचा चहा पाजायचा, हे त्यांच्याच हातात. आणि ताई, मला कायम व्हायचे आहे. नव्या वह्यांच्या गठ्ठ्यांचा तो वास, मधल्या सुट्टीची घंटा, खिडकीतून येणारा पोरींचा कलकलाट... बिले लावता लावता मी कितीदा तरी मनाने वेण्या घालून रांगेत उभी असते, पुढे तू आणि मागे मी.

कॉन्व्हेंटने लावलेली एक सवय मात्र नडली. मोठे माणूस आत आले की आपण उभे राहायचे, हे सिस्टरनी हाडात मुरवलेले. मुख्याध्यापिका दारात आल्या की मी ताडकन उठते. आता इथल्या खुर्च्यांना चाके! मी उठले की खुर्ची सुसाट मागे जाऊन कपाटावर आदळते. मुख्याध्यापिका दचकतात, टाचणीबाईंच्या तोंडातली टाचणी पडते. शेवटी टाचणीबाईच म्हणाल्या, "काकू, एकतर बसून राहा, नाहीतर बिनचाकी खुर्ची आणा." मी घरून एक बिनचाकी खुर्ची नेली. (तिच्याबद्दल मागाहून लिहिते.)

पुढे ऑडिटर यायचे ठरले. त्याआधी शाळेच्या मालकीच्या प्रत्येक वस्तूवर नंबराचा स्टिकर लावून तिची संगणकात नोंद करायची असते. टाचणीबाईंनी स्टिकरांची गुंडाळी मला दिली आणि सांगितले, "दिसेल त्याला लावा. काही सुटता कामा नये." हे मला सांगायचे? टेबलाच्या खालच्या बाजूलाही बोट फिरवून धूळ बघणाऱ्या सिस्टरच्या हाताखाली आपण वाढलो. मी बाके, पंखे, फळे, पृथ्वीचा गोल, कुणाला म्हणून सोडले नाही. जीवशास्त्राच्या सांगाड्याला कुठे लावावा यावर बराच विचार केला आणि मर्यादा सांभाळून खांद्यावर लावला. गुंडाळी संपली तेव्हा मला इतके समाधान वाटले की मी घरी जाताना शीळ घातली असती, पण कॉन्व्हेंट आडवे आले.

शीळ नाही घातली ते बरे, कारण फाटकावर गर्दी तुंबलेली होती. आमचा दरवान नवा आणि नियमाला पक्का. स्टिकर लागला की वस्तू शाळेची, आणि शाळेची वस्तू लेखा विभागाच्या पासाशिवाय बाहेर जात नाही. सर्वांत पुढे मुख्याध्यापिका, हातात छत्री.

"अहो, ही माझ्या सासूबाईंची छत्री आहे!"

"असेल. पण नंबर आहे. सासूबाईंना पास आणायला सांगा."

त्यांच्यामागे खेळाचे सर सायकल धरून, त्यांच्यामागे संगीतमास्तर व्हायोलिन छातीशी धरून. (व्हायोलिनला मी आतून लावला होता, रंग खराब होऊ नये म्हणून. दरवानाने तो बॅटरी मारून शोधला.) मास्तरांचा त्या संध्याकाळी कार्यक्रम होता. मला बघून म्हणाले, "काकू, मला पण एक चिकटवा, म्हणजे मीही इथेच राहतो!" मी नखाने स्टिकर खरवडायला गेले, तर ते निघत नाहीत. निघू नयेत म्हणूनच बनवलेले असतात. नोंद काढायची तर वस्तू निकामी झाल्याचे लिहून द्यावे लागते. तेवढे ऐकून मास्तरांचे डोळेच भरले. "माझ्या व्हायोलिनला निकामी म्हणू?" शेवटी टाचणीबाई आल्या आणि सगळ्यांना पास दिले: छत्री दुरुस्तीसाठी बाहेर, सायकल दुरुस्तीसाठी बाहेर, व्हायोलिन दुरुस्तीसाठी बाहेर. मुख्याध्यापिका निघाल्या तेव्हा मी सवयीने उभी राहायला गेले, पण मी उभीच होते. संपले आपले, असे म्हणून मी घरी आले आणि न जेवता झोपले. (यांनी उठवून भरवले.)

ऑडिटर मात्र खूश! म्हणाले, प्रत्येक शाळेत जुन्या नोंदीपेक्षा वस्तू कमी निघतात, जास्त निघालेली शाळा आम्ही पहिल्यांदा पाहिली. हे ऐकून टाचणीबाई इतक्या हसल्या की सगळ्या टाचण्या सांडल्या, आणि त्या वेचताना मला म्हणाल्या, "काकू, हा घोळ निस्तरायला कुणीतरी कायमचं हवंच. निकामी लिहायला नको, ज्याची वस्तू त्याची सही आणून एकेक नोंद मिटवा. शेवटची मिटली की तुमचं पत्र काढते." तेव्हापासून सह्या गोळा करते आहे. मुख्याध्यापिकांनी छत्रीची दिली, सरांनी सायकलची, मास्तरांनी व्हायोलिनची (पाया पडू का म्हटले, तेव्हा). सगळे जागच्या जागी बसत आले आहे आणि मी सुखात आहे.

भावजींना नमस्कार, नातवंडांना पापे. पाठीला शेक घेत जा.

तुझी,
धाकटी

ता.क. एक नोंद उरली आहे: 'खुर्ची, वेताची, बिनचाकी.' होय, तीच. बाबांची. तुझ्या घरी जागा होईपर्यंत सांभाळायला म्हणून तू माझ्याकडे ठेवलेली. मी कामाच्या भरात तिच्यावरून उठले आणि तिलाही स्टिकर लावला. मालकीण तू आहेस, तेव्हा तुझी सही लागते. कागद सोबत जोडला आहे. 'परत हवी' आणि 'शाळेला भेट', यांपैकी एकावर खूण कर.

दुसरा ता.क. 'भेट'वर मी पेन्सिलने बारीकशी खूण करून ठेवली आहे. तुला पटली नाही तर खोडता येईल. खोडरबर पाठवलेला नाही.

तिसरा ता.क. रागावू नकोस गं. बाबा तिच्यात बसून आपले गृहपाठ तपासायचे, खुर्चीच्या एका हातावर तू, दुसऱ्या हातावर मी. आपल्यामागे पोरे ती भंगारात काढतील. इथे तिला नंबर आहे, आणि आमचा दरवान तिला फाटकाबाहेर जाऊ देणार नाही.