फाट्यापर्यंत जाऊन परत

माय, पाऊस पहाटेपासून लागलाय. बूट घातलेत, लेस बांधलीय, छत्रीसुद्धा दाराशी काढून ठेवलीय, आणि मी खुर्चीत बसून तुला लिहायला घेतलंय. नांदेडात मी राहते तिथून नदीकाठचा रस्ता जवळ आहे. रोज सकाळी तिकडं भरभर चालायचं, जमेल तितकं पळायचं, असं डॉक्टरनं बजावलंय, कारण माझी साखर वाढलीय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "साखर वाढली? आपल्या घरात? नशीब काढलंस की गं!" गुडघा कुरकुर करतो. नोकरीतून सुटून बरीच वर्षं झाली, आता मला कोण हजेरी विचारतंय? सगळ्या सबबी हाताशी तयार आहेत आणि वर हा पाऊस. पोलिसात अख्खी उमर लोकांच्या सबबी ऐकण्यात गेली, त्यामुळे स्वतःची सबब किती पोकळ आहे ते मला लगेच कळतं. तरी उठवत नाही.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले होते. कामाधामाला उस्मानाबादचे हेलपाटे वाचले म्हणून दादा खूश होते. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या आणि नव्या भरत्या. पोलिसात पोरीसुद्धा घेऊन राहिलेत, ही बातमी मुरुडच्या बाजारातून तूच आणलीस. बाजाराची पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणालीस, "आपली मॅट्रिक झालीय. हिला घालू." दादांनी तर औशाचं स्थळ बघून ठेवलं होतं. माणसं चांगली होती म्हणे. दादाही बाप म्हणून वाईट नव्हते, त्यांना फक्त घाई होती. चुलीपुढं तुमची दोघांची बरीच घासाघीस झाली. मी भाकरीचं पीठ मळत होते, कान तिकडंच. शेवटी ठरलं ते असं: या खेपेच्या भरतीत लागली तर लागली, नाहीतर औशाला होकार. मला नोकरी पाहिजे होती, माय. जीव तोडून पाहिजे होती. औशाचा तो मुलगा मी बघितलासुद्धा नव्हता, पण रात्री डोळे मिटले की मला औशाची एसटी दिसायची आणि तिच्यात बसलेली मी.

मैदानावर पळून दाखवायचं होतं, म्हणून मी पळायला लागले. गावापासून फाट्यापर्यंत आणि परत. आपल्या भागात तोवर बाई पळाली तर म्हशीमागं, नाहीतर आग लागली म्हणून. विहिरीवर एकीनं तुला विचारलंच, "तुमची पोरगी कुणाच्या म्हशीमागं पळून राहिली?" तू पोहरा वर ओढत होतीस. म्हणालीस, "म्हैस न्हाई बाई, नोकरी सुटलीय पुढं. धरायला पळून राहिली." सगळ्या हसल्या, मीपण हसले. पण त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता. रब्बी जळाली, माघातच विहिरींनी तळ दाखवला, आणि चैत्र लागला तसं सकाळचं वारंसुद्धा भट्टीतून आल्यागत लागायचं. मला निमित्तच पाहिजे होतं. आज डोकं दुखतंय, आज लई उकडतंय, आज धूळ लई हाय. तू एक दिवस ऐकलंस, दोन दिवस ऐकलंस, तिसऱ्या दिवशी हातातला झाडू तसाच धरून समोर आलीस. "ऊन काय आजच निघालं व्हय? बहात्तरला खडी फोडत होतो तवा काय सावलीत बसून फोडत होतो? हवा बघून कामाला जाणाऱ्याची चूल पण हवा बघूनच पेटते." मी गेले. पण दुसऱ्या दिवशी परत कुरकुर. मला बोलून काही होणार नाही हे तू तेव्हाच ओळखलं असणार.

मग टँकर सुरू झाला. मुरुडच्या बाजूनं यायचा, वेळेचा काही नेम नाही, बहुतेक ऊन टाळूवर आल्यावरच. गावच्या विहिरीत पाणी सोडायचा आणि मग ज्याचा पोहरा आधी त्याचं पाणी. आपली बौद्धवस्ती पार दुसऱ्या टोकाला. त्या काळात विहिरीवर आपल्याला कुणी अडवत नव्हतं, पण टँकर आला म्हणून कुणी सांगतही नव्हतं. आपल्याला कळून आपण घागरी घेऊन पोचेपर्यंत पोहऱ्यात गाळ यायचा. तो गाळ कापडातून गाळून पिताना एकदा तू माझ्याकडं बघितलंस, बराच वेळ बघितलंस, आणि म्हणालीस, "तू एवीतेवी फाट्यापर्यंत पळतीस. उद्यापासून टँकरच्या येळंला पळ." टँकरला ओढ्याला वळसा घालून पुलावरून यावं लागायचं. मी फाट्यावरून धुरळा बघायचा आणि कोरड्या ओढ्यातून आडवी पळत येऊन वस्तीत सांगायचं. "आधी वस्तीत, मग गावात. गावाला पण सांगायचं, खोटेपणा न्हाई करायचा. पर आधी आपल्यात," हे तू मला बोट दाखवून सांगितलंस.

झालं. आता सबब कुणाला सांगायची? एकटी तू असतीस तर तुला गुंडाळलं असतं, पण वस्तीतल्या सगळ्या बाया घागरी घेऊन उंबऱ्यात बसलेल्या. कुणाचं लेकरू आजारी, कुणाची सून बाळंत. मी जरा रेंगाळले की शेजारची मावशी हाक मारायची, "निघालीस का गं, बाई? आमची घागर कवाची तहानली!" तू तुझ्या जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून माझ्या डोक्याला बांधायचीस आणि त्यात कानावर एक कांदा खोचायचीस, ऊन लागू नये म्हणून. घाम आला की कांद्याचा वास पार घशापर्यंत उतरायचा. त्या उन्हाळ्यात मी रोज पळाले. फाट्यावर एकटी बाभळ, तिची सावली चाळणीसारखी, आणि मी डोळ्यांवर हात धरून मुरुडच्या रस्त्याकडं बघत उभी आहे. धुरळा दिसतो. मी वळते. ओढ्यातली वाळू पायाला चटके देते, छाती फुटायला येते, वस्तीतलं पहिलं घर दिसतं आणि मी ओरडते, "आला गं, आला!" बाया उठतात, घागरींचा आवाज होतो. तू सगळ्यांच्या मागं, सावकाश. आधी मला गूळ आणि तांब्यातलं राखून ठेवलेलं पाणी देणार, मग पोहरा उचलणार.

भरती उन्हाळ्यात होणार होती, ती पुढं गेली. मृग लागला आणि बरसला. टँकर बंद झाला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मीही टाकला, कारण आता माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. शिवाय आपली काळी माती! दोन सरी पडल्या की पाय टाकला तिथं धरून ठेवते. दहा पावलांत पायाला चिखलाचे मोठाले गोळे लागतात, पाय उचलताना कुणी खालून ओढतंय असं वाटतं. मी दोन दिवस घरात बसले. तिसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. बारदानाच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात घालून खोळ केलीस, डोक्यावर घेतलीस आणि बाहेर पडलीस. मला वाटलं शेळीला पाला आणायला निघालीस. बराच वेळ झाला, आली नाहीस, म्हणून मी बघायला गेले तर वस्तीच्या तोंडाशी, जिथून फाट्याचा रस्ता सुरू होतो, तिथं उभी. "काय करून राहिलीस माय?" "उभी हाय." "भिजशील की." "भिजून राहिले की. तू फाट्यापर्यंत जाऊन परत येईस्तोर मी घरी जात न्हाई. तुला नसंल जायचं तर नको जाऊ. मला काय, मी हाय हितं."

मला असा राग आला होता! ही काय रीत झाली? पण तू तिथं उभी, पोत्यातून पाणी गळतंय, लुगड्याचा काठ चिखलात, आणि तुला खोकला व्हायचा पावसाळ्यात, तो मला माहीत. मी निघाले. चपला हातात घेतल्या आणि अनवाणी पळाले, घसरले, उठले, तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. परत आले तर तू तिथंच. मला नुसतं बघितलंस आणि घराकडं वळलीस. त्या पावसाळ्यात हेच चाललं. पाऊस असेल त्या दिवशी तू खोळ घेणार आणि उभी राहणार. मी हळूहळू लवकर परत यायला शिकले.

भरतीच्या दिवशी लातुरात भुरभुर होती. मामानं दिलेले कॅनव्हासचे पांढरे बूट मी घातले होते. निघताना तू डोक्याला पट्टा बांधलास आणि सवयीनं कांदा खोचलास. म्हटलं, "माय, पाऊस पडून राहिलाय, कांदा कशाला?" म्हणालीस, "असू दे. सवय मोडू नको." मैदानाच्या आत बाहेरच्यांना सोडत नव्हते. दादा चहाच्या टपरीत जाऊन बसले, त्यांच्याच्यानं बघवेना. आम्ही पोरी सुटलो आणि पहिल्याच फेरीत मैदानाचा चिखल झाला. माझे पांढरे बूट पाथरवटाच्या पाटीसारखे जड झाले. पुढच्या दोघी-तिघी घसरल्या. मी थांबले, बूट काढून फेकून दिले आणि अनवाणी सुटले. त्या गडबडीत पट्टा सैल झाला आणि कांदा टपकन खाली पडून एका हवालदाराच्या पायाशी गेला. तो उचलून ओरडला, "हा कांदा कुणाचा?" सगळं मैदान हसतंय. मी पळता पळताच ओरडले, "माझा हाय साहेब, ठेवा, परत येते!" आणि फाटकाच्या बाजूला आले तेव्हा भिंतीवरून मला खोळीचं टोक दिसलं. तू बाहेर भिजत उभी होतीस. प्रत्येक फेरीला ते टोक दिसायचं आणि मला एकच कळायचं, मी संपवल्याशिवाय ही बाई घरी जाणार नाही.

संध्याकाळी नावं वाचली, त्यात माझं होतं. दादा घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे औशाला निरोप धाडावा लागंल." तू म्हणालीस, "धाडा की. पोस्टाचं कार्ड मी आणते." हवालदारानं कांदा परत दिला होता. तो तू एसटीत भाकरीबरोबर फोडून तिघांना दिलास.

तू गेलीस तेव्हा मी नांदेडला ठाण्यात होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी शेजारची मावशी माझ्याजवळ येऊन बसली, म्हातारी झाली होती, आणि मला माहीत नसलेलं सांगितलं. "अगं, तो टँकरचा डायवर पयल्या आठवड्यातच फाट्यावर हॉर्न मारायला लागला होता. वस्तीपर्यंत ऐकू यायचा. तुझ्या मायनं त्याला भाकर-ठेचा दिला आन् सांगितलं, भाऊ, हॉर्न नका मारू. हॉर्न वाजला तर माझी पोरगी घरी बसंल." मी विचारलं, "आणि तुम्ही ऐकून घेतलं?" "भांडलो की! लई भांडलो. तू दमून हळू यायचीस त्या दिवशी आमच्या वाट्याला गाळच यायचा. पर तुझी माय म्हणली, आपल्यातली एक पोरगी तर वर्दीत दिसू द्या, पाणी काय, आज गढूळ, उद्या नितळ. मंग आम्ही पण गप बसलो. तुला कळू दिलं न्हाई." मी तिथंच, सगळ्यांसमोर, मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तोवर मला वाटत होतं की मी वस्तीला पाणी पाजलं. वस्तीनं गाळ गाळून पिऊन मला पळवलं होतं, माय. तुमच्या सगळ्यांचे उपकार कुठल्या जन्मात फिटायचे?

पुढं माझ्या हाताखाली नव्या पोरी यायच्या. उन्हापावसात मी त्यांच्या आधी मैदानावर असायची, म्हणून विचारायच्या, मॅडम, तुम्हाला एवढी जिद्द येते कुठून? मी छाती काढून शिस्तीवर भाषण द्यायची. पोरी मान डोलवायच्या.

भाषण खोटं होतं गं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. मला पळायला कधीच आवडलं नाही. नोकरी पाहिजे होती, पण पळणं नको होतं, एक दिवससुद्धा नको होतं. उन्हात बाया तहानलेल्या होत्या म्हणून पळाले आणि पावसात तू भिजत होतीस म्हणून पळाले. आज कुणी तहानलेलं नाही आणि कुणी भिजत नाही, म्हणून मी बूट घालून खुर्चीत बसलेय. आत्ता लिहिता लिहिता उठून खिडकीतून खाली बघितलं. कोपऱ्यावर, नदीचा रस्ता सुरू होतो तिथं, कुणी दूधवाला असेल, डोक्यावर पोतं घेऊन पावसात उभा आहे.

बरं बाई, निघते. फाट्यापर्यंत जाऊन येते. तू आता घरी जा.