अण्णांच्या खुर्चीचं इंजिन

३ मार्च

ती. ताईस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

अण्णांना चाकाच्या खुर्चीत बसवून रोज दुकानाचा चढ चढवताना तुझी कंबर गेली, हे वाचून माझं कामात लक्ष लागेना. तसं ते एरवीही लागत नाही, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणतो.

सध्या मी गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणाऱ्याकडे आहे. मागच्या अंगणात मोडक्या यंत्रांचा ढीग पडलाय. इथली पोरं त्यांची इंजिनं काढून सायकलींना बसवतात. एकाने तर फळीला चाकं ठोकून गाडी केली, ती थेट कुंपणात घुसली आणि कुंपणापलीकडे वाळत घातलेल्या चादरीसकट बाहेर आली. मालकीणबाई चादर मागत मागे, हा थांबायचं कसं ते विसरलेला. असो. तसलंच एक इंजिन मी अण्णांच्या खुर्चीसाठी तयार केलंय. किटलीएवढं आहे, पण आवाज भांडखोर. खुर्चीमागे एक जादा चाक, त्याला साखळी. मूठ पिळली की ढकलतं, सोडली की सोडतं. चढावर थांबलीस तर चाकामागे दगड लाव. ट्रकवाला मित्र सगळं आणून देईल. बाटलीत ऑइल मिसळलेलं पेट्रोल आहे, ते भर.

चिडलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा भिंगरी


२६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं यंत्र पोचलं, वेल्डरने बसवून दिलं. पहिल्या दिवशी चढावर मी नुसती मागे चालत होते. हात रिकामे असल्यावर त्यांचं काय करायचं, तेच कळेना. शेजारचा शिंपी कात्री हातात धरून बघत राहिला. अण्णांचं दुकान बंद राहिलं तर घरमालक ते त्यालाच देणार आहे, हे तुला ठाऊक आहे.

बाटली संपत आली तेव्हा अण्णांनी उरलेल्याचा वास घेतला. जन्मभर पाणी उपसायचे डिझेलचे पंप दुरुस्त केले, इंधनात भेसळ करणाऱ्यांशी भांडणं केली, आणि पोटचं पोर पेट्रोलात ऑइल घालून पाठवतं म्हणाले. राहिलेलं ओतून दिलं. नवं पेट्रोल आणून स्वतः फडक्यातून गाळून भरलं. अर्ध्या चढावर इंजिन किंचाळलं आणि जाम झालं. मी खांदा लावला, पण आता इंजिनाचंही वजन. शेवटी शिंपीच मदतीला आला. अण्णा सगळा वेळ दुसरीकडे बघत होते.

तेव्हापासून दुकानात चला म्हटलं की पाठ फिरवतात. जेवण दोन घासांचं. पोराचं काम पोरासारखंच, कुठे टिकत नाही, एवढं मात्र ऐकवलं. घरमालक विचारून गेला. मी थकले रे.

आठवण ठेवतोस तशीच ठेव.

तुझी ताई


४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे टू-स्ट्रोक आहे. अण्णांच्या पंपांत ऑइल खाली साठलेलं असतं, याच्या पोटात तशी जागाच नाही. पेट्रोलाबरोबर जाईल तेवढंच ऑइल मिळतं. साध्या पेट्रोलावर ते कोरडंच घासत राहिलं. बाटली संपल्यावर काय भरायचं हे मी लिहायला हवं होतं, पण चादरीच्या गोष्टीत वाहवत गेलो.

अण्णांना यातलं काही सांगू नकोस. पिस्टन जुना होता, मीच बघून घातला नव्हता, असं सांग. नवा पार्सलने धाडतो, वेल्डर बसवेल. मी आलो असतो, पण ट्रकवाला नव्या मुलखात निघालाय, चल म्हणतोय. तिथे म्हणे बर्फावर चालणाऱ्या गाड्या करतात.

रागावलीस तरी दोन ओळी लिहीत जा.

तुझा भिंगरी


१२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं सांगितलं. पण अण्णांनी त्याआधीच पलंगावर कागद पसरून इंजिन उघडलं होतं. पाय मोडल्यापासून दुकानातही नुसते बसून असायचे, पान्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता. पिस्टनवरच्या ओरखड्यांवरून नख फिरवत बराच वेळ बसले. तुझा निरोप ऐकून म्हणाले, लबाड आहे, पिस्टन चांगला घातला होता. मग जेवायला वाढ म्हणाले.

घरमालकाला बोलावून सांगितलंय, पोरगा येईपर्यंत दुकानाला कुलूप राहील, सोडलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. तू येणार आहेस हे त्यांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मी नाही. पिस्टन पार्सलने धाडू नकोस, हातात घेऊन ये, असा निरोप आहे. बर्फ काही पळून जात नाही. माझ्या कमरेचं लिहीत नाही. चढ आहे तिथेच आहे.

लोभ पत्रातून पुष्कळ झाला, आता समोर येऊन कर.

तुझी ताई

ता. क. लिटरला ऑइल किती घालायचं, असं अण्णा विचारत होते. भेसळ म्हणाले नाहीत.