मधल्या दाराचा राखाडी रंग

मी, खाली सही करणारी, रंगशास्त्राची मास्तरीण, हृदयाच्या एका झडपेखेरीज सर्वार्थाने ठणठणीत, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. उद्या त्या झडपेची शस्त्रक्रिया आहे.

१. घराचा माझा अर्धा भाग भाचीला द्यावा. "आत्या, पांढरं म्हणजे कसं सेफ," असे ती म्हणते, म्हणून रंगांच्या ट्यूबाही तिलाच, पांढरी वगळून.

२. लाल कागदावर निळ्या अक्षरांत सूचना छापून "मुलं वाचत का नाहीत?" असे विचारणाऱ्या आमच्या प्राचार्यांना माझा जुना चष्मा. उपयोग होणार नाही, पण देण्यात समाधान आहे.

३. साठवलेली पुंजी आधी इस्पितळाची. उरल्यास भावजयीची. माझ्या आणि धाकट्या भावाच्या घरांत अबोला असताना तिने गच्चीवरून डबे पाठवले आणि कधी कोणाची बाजू घेतली नाही. हे कसब मला रंगांतही साधले नाही.

४. धाकट्या भावाला मधले दार आणि माझा भोक पाडलेला राखाडी पुठ्ठा.

याचे कारण सांगणे भाग आहे. वाटणीनंतर दोन घरांमधले दार रंगवायचे ठरले. धाकटा रंगांच्या दुकानात शेड जुळवतो. राखाडी रंगाचा डबा त्यानेच बनवून आणला. आधी मी माझी बाजू रंगवली, मग त्याने त्याची. वाळल्यावर मी म्हटले, "यात हिरवा घातलास." तो म्हणाला, "ताई, लाल तू ओतलास. माझा डबा नासवलास." शब्दाने शब्द वाढला, दोन्हीकडून कड्या लागल्या. रंगातले काही कळत नसते, तर दोघेही सुखात राहिलो असतो.

गेल्या महिन्यात दार फुगले. सुताराने ते तासायला काढून, परत बसवण्याआधी बोळात पांढऱ्या भिंतीला टेकवले. मी पुढून पाहिले, मागून पाहिले. दोन्हीकडे तोच राखाडी. माझी भिंत विटकरी, म्हणून मला तो हिरवट दिसे. त्याची भिंत हिरवी, म्हणून त्याला लालसर. शेजारचा रंग राखाडीवर आपला विरोधी रंग चढवतो, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवते. धाकट्याने पुठ्ठा डोळ्याला लावून भोकातून दार पाहावे. भिंत झाकली की भांडण झाकले जाईल.

वरील मजकूर कायम. पुढील भाग सहीच्या वेळी वाढवला.

दुसरे साक्षीदार आले नाहीत म्हणून वकीलबाईंनी माझ्या बाजूची कडी काढून मधले दार ठोठावले. धाकटा आला. "माझ्याबद्दल काय खरडलंयस?" म्हणाला. मी म्हटले, "वाच." त्याने वाचले, पुठ्ठा उचलला, इकडून दार पाहिले, पलीकडे जाऊन पाहिले. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा म्हणाला, "इतका साधा राखाडी मला परत जमला नाही, ताई."

वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही हं. कलम चार जाईल."

"जाऊ दे. दार काय, इथंच आहे," म्हणत त्याने सही केली.

सबब कलम चार रद्द. दार सध्या उघडे आहे. उघड्या दारावर दोन्ही भिंतींची छाया पडते. आता ते निळसर दिसते की पिवळट, यावर धाकट्याचे आणि माझे एकमत झालेले नाही. निकाल लावायला मला इस्पितळातून परत येणे भाग आहे.

ठिकाण: विटकरी भिंतीची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, सोमवार
सही: रंगबाई
साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई
२. धाकटा (त्याच्या मते पिवळट)